सर जोसेफ भोर : आरोग्यसेवेचा ताळेबंद मांडणारे प्रशासक

आरोग्यासारखी दुसरी संपत्ती नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या संपत्तीचा हिशेब कोणी ठेवला, तिची जमा किती, खर्च किती आणि तूट किती हे कोणी मोजले, याचा मात्र विचार आपण क्वचितच करतो. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने अशाच एका हिशेबनीस वृत्तीच्या थोर प्रशासकाचे चरित्र वाचक बंधु-भगिनींपुढे ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न आहे. त्यांचे नाव सर जोसेफ विल्यम भोर.

भोर म्हटले की आपल्याला पुणे जिल्ह्यातील भोर संस्थान आठवते. भोर समितीचे नाव कानावर पडलेल्या अनेकांचा असा समज असतो की, ही समिती त्या गावी बसली असावी. वस्तुतः ते एका व्यक्तीचे आडनाव आहे, आणि ती व्यक्ती आपल्या नाशिकची आहे. भारतातील प्राथमिक आरोग्य केंद्राची मूळ आखणी ज्यांच्या अध्यक्षतेखाली झाली, ते गृहस्थ गोदातीरी जन्मले, ही महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. तरीही आपल्याकडे त्यांचे स्मरण फारसे होत नाही.

बालपण आणि शिक्षण

जोसेफ भोर यांचा जन्म ६ एप्रिल १८७८ रोजी नाशिक येथे एका भारतीय ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण पुण्याच्या बिशप्स हायस्कूलमध्ये व पुढे डेक्कन कॉलेजात झाले. त्यानंतर ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. त्या काळी बुद्धिमान भारतीय तरुणापुढे सर्वांत कठीण अशी एकच परीक्षा असे, ती म्हणजे आय.सी.एस. ही परीक्षा इंग्लंडमध्ये होई आणि तिच्यात यशस्वी होणाऱ्या भारतीयांची संख्या अत्यल्प असे. भोर ती उत्तीर्ण झाले आणि १९०२ मध्ये मद्रास इलाख्यात रुजू झाले.

१९११ मध्ये त्यांचा विवाह मार्गारेट स्टॉट यांच्याशी झाला. त्या स्कॉटलंडच्या, आणि सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या वैद्यकीय पदवीधर होत्या. ज्या पुरुषाने पुढे देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा तयार करविला, त्याच्या घरातच एक स्त्री डॉक्टर होती, ही गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते.

कोचीनचे दिवाण

१९१४ ते १९१९ या काळात भोर हे कोचीन संस्थानचे दिवाण होते. पहिल्या महायुद्धाची ती वर्षे होती. परदेशी व्यापारावर परिणाम झालेला, धान्याची टंचाई आणि महागाई वाढलेली. अशा वेळी छोट्या संस्थानाचा कारभार सांभाळणे म्हणजे भरतीच्या वेळी होडी वल्हवण्यासारखे काम. जमीन कसणाऱ्या कुळांना काही संरक्षण देणारा कायदा कोचीनमध्ये याच सुमारास, १९१४-१५ मध्ये झाला.

कोचीन हा आजच्या केरळचा भाग आहे. आज मुंबई, पुण्याच्या रुग्णालयांत आणि आखाती देशांतही केरळच्या परिचारिका मोठ्या संख्येने सेवा करताना दिसतात. भोर यांच्या दिवाणगिरीचा आणि या गोष्टीचा थेट संबंध जोडणे योग्य ठरणार नाही. परंतु मुलींच्या शिक्षणाला ज्या प्रदेशाने लवकर महत्त्व दिले, तेथूनच पुढे देशाला परिचारिका मिळाल्या, एवढे मात्र निश्चित. या मुद्द्याकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

दिल्ली, सिमला आणि कापडाचा करार

कोचीननंतर भोर यांनी लंडनमध्ये भारताच्या हायकमिशनर कार्यालयात काम केले व काही काळ हायकमिशनर म्हणून हंगामी कार्यभारही सांभाळला. पुढे भारत सरकारच्या कृषिविषयक खात्याचे सचिव, सायमन आयोगाच्या कामकाजातील सचिव, आणि १९३० पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य अशी पदे त्यांनी भूषविली. प्रथम उद्योग व मजूर, आणि १९३२ ते १९३५ व्यापार व रेल्वे ही खाती त्यांच्याकडे होती.

कापडाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला भोर यांचे नाव प्रथम भेटले ते आरोग्याच्या नव्हे, तर कापडाच्या संदर्भात. १९३०-३२ च्या सुमारास जपानी कापड अतिशय स्वस्त दराने भारतात येऊ लागले. मुंबई, अहमदाबादच्या गिरण्या अडचणीत आल्या. जून १९३३ मध्ये सरकारने ब्रिटनखेरीज अन्य देशांच्या सुती कापडावरील जकात शेकडा ७५ पर्यंत वाढवली. त्याला उत्तर म्हणून जपानच्या गिरण्यांनी भारतीय कापूस घेणेच थांबविले. म्हणजे गिरणीमालकाला दिलासा मिळाला, पण वऱ्हाड-खानदेशच्या कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय आला.

सप्टेंबर १९३३ पासून सिमला व दिल्ली येथे जपानच्या शिष्टमंडळाशी वाटाघाटी झाल्या. भारताच्या बाजूचे नेतृत्व भोर यांच्याकडे होते. जानेवारी १९३४ मध्ये तडजोड ठरली आणि त्याच वर्षी करारावर सह्या झाल्या. जकात शेकडा ५० वर आली, आणि कापडाची आयात कापसाच्या खरेदीशी बांधली गेली. जपानने १० लाख गासड्या कापूस उचलला तर त्याला ३२ कोटी ५० लाख वार कापड भारतात पाठविता येईल, आणि १५ लाख गासड्या उचलल्या तर जास्तीत जास्त ४० कोटी वार, असे ते प्रमाण होते.

हा तपशील येथे देण्याचे कारण असे की, भोर यांच्या विचाराची पद्धत त्यातून स्पष्ट होते. एका बाजूचे प्रमाण दुसऱ्या बाजूशी जोडल्याशिवाय व्यवहार टिकत नाही, हे त्यांना उमगले होते. केवळ एकच माल वाढवीत गेलो आणि त्याच्या जोडीचा माल दुकानात नसला तर गिऱ्हाईक परत जाते, हे आपण व्यापारी रोज अनुभवतो. दहा वर्षांनी हीच दृष्टी त्यांनी आरोग्याच्या प्रश्नाला लावली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. भोर हे ब्रिटिश सरकारचे उच्च अधिकारी होते. राष्ट्रीय चळवळ ऐन भरात असताना ते सरकारच्या बाकावर बसले होते, आणि विधिमंडळात त्यांच्या व्यापारविषयक धोरणांवर भारतीय पुढाऱ्यांनी कडाडून टीका केली. चरित्र लिहिताना हे लपविण्याचे कारण नाही. माणसाचे मोल त्याच्या संपूर्ण खात्यावरून करावे, एका पानावरून नव्हे.

समितीची नेमणूक

ऑक्टोबर १९४३ मध्ये भारत सरकारने आरोग्य पाहणी व विकास समिती नेमली व अध्यक्षपदी भोर यांची निवड केली. त्या वेळी त्यांचे वय ६५ होते. ज्या वयात आपण दुकान मुलांच्या हाती देऊन विश्रांतीचा विचार करतो, त्या वयात त्यांनी आयुष्यातील सर्वांत मोठे काम अंगावर घेतले. काळही कसा होता! महायुद्ध चालू होते, बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता आणि देशातील प्रमुख पुढारी तुरुंगात होते.

समितीत डॉ. बिधनचंद्र रॉय, डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार, कलकत्त्याच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेचे डॉ. जॉन ग्रँट यांच्यासारखे नामवंत वैद्यकतज्ज्ञ होते. त्यांच्याबरोबर मुंबईचे कामगार पुढारी नारायण मल्हार जोशी हेही सदस्य होते. केवळ डॉक्टरांचीच समिती न करता कामगारांची दुःखे जाणणारा माणूसही तिच्यात होता, हे विशेष. परदेशातील तज्ज्ञांचाही सल्ला घेण्यात आला. समितीने प्रांतोप्रांती जाऊन पाहणी केली आणि १९४६ मध्ये चार खंडांचा अहवाल सादर केला.

तोट्याचे खाते

अहवालाचा पहिला भाग म्हणजे देशाच्या आरोग्याचा ताळेबंद होय. त्या वेळी ब्रिटिश भारताची लोकसंख्या सुमारे ३० कोटी होती. जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १६२ बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. जन्माच्या वेळी अपेक्षित आयुर्मान अवघे २७ वर्षांच्या आसपास होते. दरवर्षी सुमारे २ लाख स्त्रिया गरोदरपणात वा बाळंतपणात प्राणास मुकत. एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू दहा वर्षांच्या आतील मुलांचे होते.

आता या रोग्यांची सेवा करण्यास कोण उपलब्ध होते, ते पाहू. डॉक्टर सुमारे ४७,५०० होते, म्हणजे ६,३०० लोकांमागे एक. परिचारिका अवघ्या ७,००० होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. प्रशिक्षित सुईणी ५,०००, म्हणजे ६०,००० लोकांमागे एक. घरोघरी जाऊन माता-बालकांना सल्ला देणाऱ्या आरोग्य परिदर्शिका साऱ्या देशात ७५०, म्हणजे ४ लाख लोकांमागे एक.

हे आकडे नीट पाहिले की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. डॉक्टर कमी होते हे खरेच, पण परिचारिका त्यांच्याहूनही कितीतरी कमी होत्या. जवळजवळ सात डॉक्टरांमागे एक परिचारिका! म्हणजे पेढीवर मुनीम सात आणि माल दाखविणारा नोकर एकच, अशी अवस्था. डॉक्टर रोग्याला काही मिनिटे तपासतो, औषध लिहितो आणि पुढच्या रोग्याकडे जातो. ते औषध वेळेवर देणे, ताप मोजणे, जखम धुणे, कूस बदलणे, पाणी पाजणे, रात्री दोन वाजता श्वास बिघडला तर ओळखणे, ही कामे उरलेल्या तेवीस तासांची असतात. ती कामे करणारे हात नसतील तर उत्तम डॉक्टरचेही ज्ञान वाया जाते.

परिचारिका इतक्या कमी का होत्या, याचीही कारणे अहवालात शोधलेली आहेत. कामाचे तास लांब, पगार तुटपुंजा, राहण्याची सोय वाईट आणि समाजात मान नाही. परक्या रोग्याच्या शरीराला स्पर्श करणे, मलमूत्र उचलणे हे काम कुलीन घरच्या मुलीने करू नये, अशी सार्वत्रिक समजूत होती. त्यामुळे परिचारिका बहुतांशी ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन समाजातून येत. या बाबतीत महाराष्ट्राने काही मोलाचे प्रयत्न त्यापूर्वीच केले होते. १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुणे सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी विधवा व निराधार स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून देण्याचा उपक्रम चालविला, तेव्हा समाजाचा विरोध त्यांना सोसावा लागला होता. परंतु असे प्रयत्न तुरळक होते आणि देश विशाल होता.

नवे प्रमाण

भोर समितीचे खरे वेगळेपण येथे आहे. देशात डॉक्टर कमी आहेत, म्हणून अधिक डॉक्टर तयार करा, एवढेच सांगून ती थांबली नाही. डॉक्टर, परिचारिका, सुईणी आणि अन्य सेवक यांचे परस्परांशी प्रमाणच बदलले पाहिजे, असा तिचा आग्रह होता.

पुढील २५ वर्षांत, म्हणजे १९७१ पर्यंत लोकसंख्या ३७ कोटी होईल असे गृहीत धरून समितीने लक्ष्य ठरविले. २,००० लोकांमागे एक डॉक्टर, म्हणजे १ लाख ८५ हजार डॉक्टर. ५०० लोकांमागे एक परिचारिका, म्हणजे ७ लाख ४० हजार परिचारिका. ५,००० लोकांमागे एक आरोग्य परिदर्शिका, म्हणजे ७४ हजार. आणि दर शंभर बाळंतपणांमागे एक प्रशिक्षित सुईण, म्हणजे १ लाख. थोडक्यात, डॉक्टर सुमारे चौपट करावयाचे होते, तर परिचारिका शंभरपटीहून अधिक. सात डॉक्टरांमागे एक परिचारिका ही स्थिती उलटून एका डॉक्टरमागे चार परिचारिका व्हावयाच्या होत्या.

एवढे मोठे लक्ष्य एकदम गाठता येणार नाही, हे समिती जाणून होती. म्हणून तिने तातडीच्या टप्प्यासाठी दुसरी योजना दिली. दर ४०,००० लोकवस्तीसाठी एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. त्यात डॉक्टर दोन, रुग्णालयातील परिचारिका एक, गावोगाव हिंडणाऱ्या सार्वजनिक आरोग्य परिचारिका चार, सुईणी चार आणि प्रशिक्षित दाया चार. याखेरीज स्वच्छता निरीक्षक, आरोग्य साहाय्यक, औषधनिर्माता आदी. बेरीज करून पाहावी : दोन डॉक्टरांबरोबर तेरा स्त्रिया. यांतील बहुतेक स्त्रियांचे काम केंद्राच्या चार भिंतींत नसून लोकांच्या उंबरठ्यावर होते. रोगी दवाखान्यात येईपर्यंत वाट पाहू नये, सेवा त्याच्या घराजवळ जावी. आणि पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराला मुकू नये, ही समितीची दोन मुख्य तत्त्वे होती.

एक वादग्रस्त निर्णय

समितीच्या एका शिफारशीवर तेव्हाही मतभेद होते आणि आजही आहेत. त्या काळच्या ४७,५०० डॉक्टरांपैकी जवळजवळ ३०,००० हे पदवीधर नसून परवानाधारक होते. जुन्या पिढीतील वाचकांना आपल्या गावचे एल.सी.पी.एस. डॉक्टर आठवत असतील. कमी मुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण करून हे लोक लहान गावांत व्यवसाय करीत, आणि ताप, खोकला, बाळंतपण, विंचूदंश यांत अर्ध्या रात्री धावून येत. समितीच्या बहुमताने असे ठरविले की, देशात एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर असावा व परवानाधारकांचे शिक्षण बंद करावे. गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर आणि श्रीमंताला अधिक शिकलेला, असा भेद राहू नये, हा त्यामागील हेतू उदात्त होता. समितीतील काही सदस्यांनी मात्र वेगळे मत नोंदविले. पुरेसे पदवीधर तयार होईपर्यंत मधली पायरी काढून टाकू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

आज मागे वळून पाहता दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. मधली पायरी काढली, ती काढण्यात चूक नसेलही. परंतु तिच्या जागी जी परिचारिकांची व आरोग्यसेविकांची भक्कम फळी उभी राहावयाची होती, ती वेळेवर उभी राहिली नाही. पदवीधर डॉक्टर शहरांतच राहिले. जुनी पायरी गेली आणि नवी आली नाही, त्यामुळे खेड्यातील रोगी मधल्या पोकळीत सापडला.

अहवालाचे पुढे काय झाले

अहवाल सादर झाल्यावर एका वर्षात देश स्वतंत्र झाला. स्वतंत्र भारताने हा अहवाल बाजूला टाकला नाही, ही समाधानाची गोष्ट. परिचारिकांसाठी पदवी शिक्षण दिल्ली व वेल्लोर येथे १९४६ मध्येच सुरू झाले. परिचर्या शिक्षणाला देशभर एकसारखा दर्जा असावा म्हणून १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. त्याची जागा २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाच्या कायद्याने घेतली. २ ऑक्टोबर १९५२ पासून सामूहिक विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था १९५६ मध्ये अस्तित्वात आली, तीही याच अहवालाच्या शिफारशीतून.

पण प्रमाणाचे काय? तेथे मात्र हिशेब जुळला नाही. भोर समितीतीलच सदस्य डॉ. मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली १९५९ मध्ये दुसरी समिती नेमण्यात आली. तिला आढळले की, प्राथमिक केंद्रे ठरल्याहून अपुऱ्या सेवकवर्गावर चालत आहेत. वैद्यकीय महाविद्यालये झपाट्याने वाढली, परंतु परिचारिका शिक्षण मागे पडले. १९७१ साल उजाडले तेव्हा ७ लाख ४० हजार परिचारिकांचे लक्ष्य फार दूर होते. लोकसंख्याही ३७ कोटींवर थांबली नाही. ती सुमारे ५५ कोटी झाली होती.

याचे एक कारण पैसा. दुसरे कारण अधिक खोल आहे. १९५१ च्या जनगणनेत देशातील स्त्रियांची साक्षरता शेकडा ९ च्याही खाली होती. ज्या देशात शंभरातील एक्याण्णव स्त्रियांना अक्षरओळख नाही, तेथे लाखो परिचारिका येणार कोठून? औषधाच्या बाटलीवरील नाव वाचता आल्याखेरीज परिचारिका होता येत नाही. म्हणजे रुग्णालयातील तूट ही मुळात शाळेतील तूट होती. आणि केरळने ही तूट लवकर भरून काढली, म्हणूनच आज त्याच्या कन्या जगभर सेवा करीत आहेत.

पुढे आपल्या महाराष्ट्रातही वेगळ्या मार्गाने या विचाराची प्रचिती आली. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. अल्पशिक्षित, कित्येकदा निरक्षर अशा गावातील स्त्रियांना त्यांनी आरोग्याचे पाठ दिले. त्या स्त्रियांनी बाळंतपणे सुखरूप केली, बालकांचे वजन घेतले, स्वच्छ पाण्याचे महत्त्व घराघरांत पोहोचविले. डॉक्टरचे प्रत्येक काम डॉक्टरनेच केले पाहिजे असे नाही, योग्य शिक्षण व पाठीशी उभा राहणारा डॉक्टर असेल तर पुष्कळ कामे इतरांकडूनही चांगली होतात, हे तेथे सिद्ध झाले. २००५ पासूनच्या आशा कार्यकर्त्या आणि २०१८ पासून उपकेंद्रांवर नेमले जाणारे समुदाय आरोग्य अधिकारी, ज्यांत परिचारिका व आयुर्वेद पदवीधर असतात, हे त्याच दिशेचे पुढील टप्पे म्हणता येतील. तथापि, एका डॉक्टरमागे चार परिचारिका हे भोर समितीचे प्रमाण आजही आपण गाठलेले नाही.

अखेरची वर्षे

अहवालानंतर भोर सार्वजनिक जीवनापासून दूर झाले. १९६० मध्ये इंग्लिश खाडीतील ग्वेर्नसी बेटावर, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. नाशिकला जन्मलेल्या या पुरुषाची अखेर इतक्या दूर परदेशात झाली. पण खेड्यातील कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्राची पाटी पाहिली की, हे त्यांचेच अबोल स्मारक आहे असे वाटते.

आपल्यासाठी बोध

वाचकहो, हे चरित्र सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. आपल्यासारख्या समाजात औषधदान व रुग्णसेवा यांसाठी देणाऱ्यांची वाण कधी पडलेली नाही. दवाखान्याची इमारत, शस्त्रक्रियागृह, रुग्णवाहिका, तपासणीचे यंत्र यांसाठी आपण सढळ हाताने देतो, आणि त्यावर वडिलांचे वा आईचे नाव कोरले जाते. त्यात गैर काहीच नाही. परंतु त्या यंत्राजवळ रात्री कोण उभे राहणार, हा प्रश्न दान देताना आपण विचारतो का?

२०२० मधील कोरोनाच्या साथीने याचे उत्तर अत्यंत कठोरपणे दिले. खाटा वाढविता आल्या, श्वसनयंत्रे विकत आणता आली, पण ती हाताळणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका विकत आणता आल्या नाहीत. परिचारिका घडण्यास वर्षे लागतात, आणि ती वर्षे आपण आधीच खर्ची घातलेली असावी लागतात. भोर यांनी १९४६ मध्ये जे अंकांत मांडले, ते आपण ७४ वर्षांनी प्रत्यक्ष भोगले.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे, पण बोलली पाहिजे. आपल्या घरची मुलगी डॉक्टर झाली तर आपण पेढे वाटतो. तिने परिचारिका होण्याची इच्छा व्यक्त केली तर मात्र घरात शांतता पसरते. रुग्णालयात आपल्या आई-वडिलांची कूस बदलणाऱ्या, त्यांना घास भरविणाऱ्या सिस्टरला आपण हात जोडतो, पण तोच व्यवसाय आपल्या लेकीने करू नये असे आपल्याला वाटते. अहवालात नोंदलेली समाजातील मान नसण्याची अडचण अजून संपलेली नाही, आणि ती कोणत्याही सरकारी कायद्याने संपणार नाही. ती आपल्या घरांतूनच संपेल.

म्हणून नम्र सूचना अशी की, यापुढे रुग्णसेवेसाठी दान देताना त्यातील काही वाटा परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या गरजू मुलींच्या शुल्कासाठी, त्यांच्या वसतिगृहासाठी वा दवाखान्यातील परिचारिकांच्या वाजवी वेतनासाठी राखून ठेवावा. मुलगी कोणत्याही समाजाची असो, ती शिकली तर तिच्या हाताखालून आयुष्यभरात हजारो रोगी बरे होऊन घरी जातील. इमारतीवरील नाव कालांतराने पुसट होते. बऱ्या झालेल्या रोग्याच्या घरातील समाधान पिढ्यान्पिढ्या टिकते.

व्यापारात आपण वर्षअखेर ताळेबंद काढतो आणि जेथे तूट असेल तेथे भर घालतो. सर जोसेफ भोर यांनी देशाच्या आरोग्याचा असा ताळेबंद काढून तूट नेमकी कोठे आहे हे बोट ठेवून दाखविले. ती तूट भरून काढण्याचे काम अपुरे राहिले आहे. त्यात आपल्या परीने थोडी भर घालणे, हीच नाशिकच्या या सुपुत्राला खरी आदरांजली ठरेल.